गिटारच्या नव्या पांढऱ्या बाइंडिंगला जुना रंग कसा आणावा?

केवडा | १४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ठाण्यात पाचपाखाडीला राहते. बाबांची गिटार दुरुस्त होऊन परवा घरी आली आणि आनंदासोबत एक चुटपुटही घेऊन आली, म्हणून हा धागा.

गिटार पोकळ, वरून फुगीर, एफ आकाराच्या दोन भोकांची. रंग मध्ये मधासारखा आणि कडेला जात काळपट तपकिरी. बाबांनी १९७५ मध्ये एका वादकाकडून जुनीच घेतली होती. गणपतीत आणि लग्नात ऑर्केस्ट्रासोबत ती गावोगाव फिरली, मग पंचवीसेक वर्षं माळ्यावर पेटीत पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडली तर अंगाभोवतीची सगळी बाइंडिंग, म्हणजे कडेला बसवलेली प्लास्टिकची पट्टी, खडीसाखरेसारखी तुकडे तुकडे होऊन खाली पडलेली. तारा गंजून लाल, किल्ल्यांच्या पितळेवर हिरवं चढलेलं आणि पेटीतून नाकाला झोंबणारा आंबूस वास.

ठाण्यातल्याच एका कारागिराने नवीन पट्टी बसवून दिली. हात चांगला आहे त्यांचा. सांध्यावरून नख फिरवलं तर कुठेही अडकत नाही. पण पट्टी पांढरीशुभ्र, नव्या फ्रिजसारखी. दुरून आधी पट्टीच दिसते, गिटार नंतर. मानेच्या दोन्ही कडांची जुनी पट्टी मात्र शाबूत आहे आणि ती जुन्या तुपाच्या रंगाची. त्यामुळे एकाच वाद्यावर दोन रंग झालेत.

अंगाची पट्टी मानेच्या रंगाला आणता येईल का? कारागीर म्हणाले, "चहाचं पाणी लावून बघा." मला धीर होत नाहीये. बाबा ७४ वर्षांचे आहेत, काही बोलत नाहीत, पण गिटार मांडीवर घेतली की नजर त्या पट्टीवरच जाते.

एक गोष्ट नजरेत आली ती सांगते. मानेची जुनी पट्टी सगळीकडे पिवळी नाही. पाचव्या ते सातव्या पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे बाबांचा अंगठा यायचा, तिथे ती चक्क पांढरी आहे. असं का?

---

उपवन | १४ मार्च, रात्री १०:०५

वाचतोय. फोटो टाका ना.

---

घोडबंदर_३ | १४ मार्च, रात्री ११:२०

चहाचा प्रयोग मी केलाय, म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या गिटारच्या मानेवर नवीन पट्टी बसवली होती. कडक कोरा चहा करून कापसाने तासभर लावत बसलो. सुकल्यावर ओल्या फडक्याने पुसलं आणि सगळा चहा फडक्यावर. मग कॉफी, तेच. मग तपकिरी बूट पॉलिश. ते दिसलं छान, पण आठ दिवसांत घामाने माझ्या तळहातावर आलं आणि पांढऱ्या शर्टाची बाही गेली. उरलं ते फक्त पट्टी आणि लाकडाच्या मधल्या बारीक चिरेत. तिथे मात्र अजून सुंदर दिसतं, जुन्या मळासारखं.

---

सहावी_तार | १५ मार्च, सकाळी ७:१५

माझं मत वेगळं आहे. काही करू नका. वाद्यावर जे घडलं ते दिसू द्यावं. पट्टी नवी आहे तर नवी दिसू दे, वाजवत राहा, वीस वर्षांनी तीही पिवळी होईल. परदेशात १९९५ पासून मोठी गिटार कंपनी कोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, टवके काढून जास्त किमतीला विकते आहे. त्या प्रकाराबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. न वाजवलेल्या गिटारवर झिजल्याच्या खुणा कशाला?

---

केवडा | १५ मार्च, सकाळी ८:३०

@सहावी_तार, तुमचं म्हणणं कळतंय. पण बाबा ७४ चे आहेत. वीस वर्षं थांबायला सांगू कसं?

---

सहावी_तार | १५ मार्च, सकाळी ८:५२

हे खरं आहे. माफ करा, ते लक्षात घ्यायला हवं होतं.

---

नेरूळचा_वारा | १५ मार्च, दुपारी १२:४०

केवडाताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात उत्तर लपलेलं आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लास्टिकच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमची जुनी पट्टी सेल्युलॉइडची. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून हे प्लास्टिक होतं. हस्तिदंताला पर्याय शोधण्याच्या खटपटीतून अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० च्या सुमारास ते बाजारात आणलं. बिलियर्डचे चेंडू, कंगवे, हार्मोनियमच्या पट्ट्या, सिनेमाची रिळं, सगळं त्याचंच. टेबल टेनिसचा चेंडूसुद्धा २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचाच असे, मग नियम बदलले. मानेची पट्टी अंगठ्याने जोरात चोळून लगेच वास घ्या. कापराचा मंद वास आला तर खात्री.

हे प्लास्टिक मुळातच अस्थिर. कोंडलेल्या, दमट, गरम जागी ते विघटित होतं आणि त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडची वाफ सुटते. ओलाव्याशी मिळून तिचं आम्ल बनतं. तुमच्या तारा गंजल्या, पितळ हिरवं झालं, नाकाला झोंबलं, ते यामुळे. पेटी बंद राहिल्याने वाफ आतच कोंडली आणि विघटन आणखी वाढलं. म्हणून दोन गोष्टी आजच करा. जुने तुकडे आठवण म्हणून गिटारच्या पेटीत ठेवले असतील तर बाहेर काढा. आणि ते देवघराजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं. जुन्या चित्रपटगृहांत रिळांना आगी लागायच्या त्या उगाच नाही. मानेची पट्टी आज शाबूत आहे, पण तीही त्याच जातीची, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यावर बारीक तडे दिसतात का ते पाहत राहा. गिटार पेटीबाहेर, हवेशीर जागी ठेवा.

आता रंग. अंगठ्याच्या जागी पट्टी पांढरी आहे, कारण तिथलं लॅकर, म्हणजे वरच्या पॉलिशचा पारदर्शक थर, घासून गेलंय. पिवळेपणा बहुतेक सगळा लॅकरचा. त्या काळच्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं, म्हणजे पट्टी आणि लॅकर एकाच कुळातले. नवीन असताना हे लॅकर जवळपास पाण्यासारखं असतं, उजेड आणि हवेने वर्षागणिक मधासारखं होत जातं. खातरजमा करायची तर पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून तारांजवळ लावलेलं पान) काढून त्याखालचं लाकूड बघा. उजेड कमी लागल्याने तिथला रंग फिकट असेल.

तेव्हा प्लास्टिक रंगवायला जाऊ नका. प्लास्टिकवरच्या पारदर्शक थराला रंग द्या.

---

केवडा | १५ मार्च, रात्री ९:१०

काका, पिकगार्ड काढलं. खाली अगदी पिकगार्डच्याच आकाराचा फिकट ठसा आहे! बाबाही बघायला उठून आले. आणि हो, कापराचा वास आला. खूप सुंदर समजावलंत.

जुने तुकडे खरंच पेटीत, प्लास्टिकच्या डबीत ठेवले होते. आता गॅलरीत मातीच्या कुंडीत आहेत.

---

हळदीकुंकू | १६ मार्च, सकाळी ११:००

पारदर्शक पिवळा रंगच हवा ना? मग स्पिरिटमध्ये हळद कालवून लावली तर? स्वस्त, घरातली, आणि हळदीचा डाग जात नाही हा आपला सगळ्यांचा अनुभव.

---

नेरूळचा_वारा | १६ मार्च, दुपारी १:१५

कल्पना हुशारीची आहे. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये छान उतरतो आणि पारदर्शकही असतो. पण दोन अडचणी. हळद उन्हात उडते. हळदीचे डागाळलेले कपडे आपण उन्हात वाळत घालतो ते त्यासाठीच. आणि साबण लागला की लाल होते, कुंकू तसंच बनतं हे तुमच्या नावावरून तुम्हाला माहीत असणारच. कुणी साबणाच्या फडक्याने गिटार पुसली तर पट्टी तांबडी व्हायची.

---

उपवन | १६ मार्च, दुपारी १:३०

गिटारचं हळदीकुंकू झालं असतं. संक्रांतीला वाण लुटायला सगळे पाचपाखाडीला आलो असतो 😀

---

कळवा_ब्रिज | १६ मार्च, रात्री १०:३०

आमच्या घरात तीन पिढ्या फर्निचर पॉलिशचं काम. गिटार कधी केली नाही, पण हा प्रश्न आमच्याच धंद्यातला आहे.

तुम्हाला हवंय ते चपडा पॉलिश. चपडा म्हणजे लाखेच्या पातळ कपच्या. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांवर राळ सोडतो, ती धुऊन वितळवून चपडा करतात. कुसुमावरची कुसुमी लाख फिकट, पळस-बोरावरची रंगीनी जास्त तांबूस. बाजारात लेमन चपडा मागितला की लिंबाच्या सरबतासारखा पिवळा येतो, बटण लाख मागितली तर काळपट तपकिरी. या पट्टीला लेमनच. रंग वेगळा घालावाच लागत नाही, लाखेतच असतो.

१०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत घाला, झाकण लावा, अधूनमधून हलवा. लोखंडी डब्यात करू नका, काळं पडतं. दुसऱ्या दिवशी विरघळेल, पण बरणी तशीच आणखी तीन-चार दिवस न हलवता ठेवा. लाखेतलं मेण ढगासारखं तळाला बसतं. वरची निवळ अलगद ओतून घ्या आणि तीच वापरा. मेणासकट लावलंत आणि पुढे त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायचं ठरलं, तर लॅकर धरत नाही, पापुद्रे निघतात.

पट्टीला आधी ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने मारा, फक्त चमक घालवण्यापुरता. धूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसा, थिनरने अजिबात नाही. मग बारीक ब्रशने एक हात, पूर्ण लांबी एका दमात. ब्रश मागे न्यायचा नाही. मागे नेला की आधीचा थर विरघळून पट्टा उठतो. दोन हातांमध्ये निदान दोन तास.

एक कळकळीची विनंती. पट्टीशेजारच्या जुन्या लाकडावर मास्किंग टेप लावू नका. आमच्याकडे एका जुन्या दिवाणाच्या पाठीवरून टेप काढताना साठ वर्षांचं पॉलिश टेपला चिकटून आलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. वडिलांनी ते परत जुळवलं, पण तो आवाज अजून कानात आहे.

---

ऐरोली_लोकल | १७ मार्च, सकाळी ९:००

कळवा_ब्रिज, पिवडी चालेल का? सुतार लाकूड भरताना खडूच्या पावडरीत पिवडी आणि गेरू घालतात ना.

---

कळवा_ब्रिज | १७ मार्च, सकाळी ९:४५

पिवडी म्हणजे मातीची पूड. ती विरघळत नाही, तरंगत राहते, त्यामुळे पट्टी रंग मारल्यासारखी मठ्ठ दिसेल. जुन्या पट्टीत नजर थोडी आत उतरते. ते फक्त विरघळणाऱ्या रंगाने येतं. पण घोडबंदर_३ यांनी म्हटलं तसं चिरेतला मळ दाखवायचा असेल, तर तिथे अंबर नावाच्या तपकिरी मातीची पूड थेंबभर चपड्यात कालवून भरता येते.

---

मिरजेची_तार | १७ मार्च, रात्री ८:२०

राहतो ऐरोलीला, पण मूळ मिरजेचा, सतारमेकर गल्लीजवळ लहानपण गेलं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते.

तंबोऱ्याच्या भोपळ्याभोवतीच्या आणि तबलीच्या (समोरच्या लाकडी फळीच्या) कडेच्या पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्या पाहिल्यात? पूर्वी हस्तिदंत किंवा हाड, नंतर सेल्युलॉइड, आता दुसरं प्लास्टिक. कारागीर पट्टीवर टोकदार अवजाराने वेलबुट्टी कोरतात, त्यात काळी किंवा लाल लाख भरतात आणि वरचं घासून काढतात. रेघेत तेवढी लाख राहते. मग सगळ्या तंबोऱ्यावर चपड्याचा हात फिरतो, लाकडावरून थेट पट्टीवर. पट्टी वेगळी झाकत नाहीत. त्यामुळे नवा तंबोरासुद्धा पांढराफटक दिसत नाही, पहिल्याच दिवशी त्याला उबदार रंग असतो.

म्हणून मला हे खोटं जुनेपण वाटत नाही. पट्टी आणि लाकूड एकाच पॉलिशखाली आणणं हा कामाचाच शेवटचा टप्पा आहे. केवडाताईंच्या कारागिराने तो टप्पा सोडला, एवढंच.

---

सहावी_तार | १७ मार्च, रात्री ९:०५

हे पटलं. मी याकडे अशा नजरेने पाहिलं नव्हतं. तरीही रंग जुळवण्यापर्यंतच माझी संमती. झिजल्याच्या खुणा मुद्दाम करू नका.

---

ऐरोली_लोकल | १७ मार्च, रात्री ११:१०

मी जुन्या गिटारी घेतो-विकतो, म्हणून एक मुद्दा मांडतो. स्वतःच्या गिटारला काहीही करा. पण उद्या ती विकायची झाली तर पट्टी बदललेली आहे हे सांगायलाच हवं. मला एका विक्रेत्याने अशीच पिवळी केलेली पट्टी मूळची म्हणून दिली होती. मी एकवीस हजार जास्त मोजले. घरी येऊन आरशाने एफ भोकातून आत पाहिलं तेव्हा अस्तराच्या पट्टीला ताजा गोंद दिसला. पैशांपेक्षा फसवलं गेल्याची बोच जास्त होती. दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं ते कागदावर लिहून पेटीत ठेवा.

---

केवडा | १८ मार्च, सकाळी ८:००

ही गिटार विकण्याचा प्रश्नच नाही, पण कागद ठेवते. पुढच्या पिढीलाही कळायला हवं.

कारागिराकडून पट्टीचा उरलेला वीतभर तुकडा आणलाय. आधी त्यावर सगळं करून बघते. काका, ही पट्टी एबीएस नावाच्या प्लास्टिकची आहे, असं ते म्हणाले.

---

नेरूळचा_वारा | १८ मार्च, सकाळी १०:२०

उत्तम. एबीएस असेल तर नुसत्या उन्हानेही पिवळं पडतं. त्यातला ब्युटाडाइन रबराचा भाग अतिनील किरणांनी ऑक्सिडाइज होतो, जुन्या संगणकांचे डबे पिवळे पडतात ते त्यामुळेही. तुकडा गच्चीत ठेवून बघा, पण गिटार चुकूनही उन्हात ठेवू नका. लाकूड सुकून फाटेल, सांध्याचा गोंद सुटेल. आणि एबीएसवर थिनर किंवा ॲसिटोन सांडू देऊ नका, पट्टी लोण्यासारखी मऊ होते. स्पिरिटने तिला काही होत नाही. चपडा इथे योग्य ठरतो त्याचं हेही कारण.

---

केवडा | २१ एप्रिल, रात्री ९:३०

महिन्याभराचा हिशेब देते. तुकड्यावर पेन्सिलीने खुणा करून भाग पाडले होते.

चहा आणि कॉफी पुसल्यावर शून्य. हळद पहिल्या दिवशी झेंडूसारखी झळकली. गच्चीत ठेवलेल्या तुकड्यावरची पाच दिवसांत उडाली, कपाटातल्या तुकड्यावरची तशीच आहे. नुसतं ऊन महिनाभर दाखवलेला भाग झाकलेल्या भागाशेजारी ठेवला तर किंचित पिवळसर, सायीसारखा. चांगला दिसतो, पण मानेच्या रंगापर्यंत पोहोचत नाही. आणि एप्रिलचं ठाण्याचं ऊन म्हणजे कमी नाही.

लेमन चपड्याच्या एका हाताने काहीच कळलं नाही. दोन हातांनी सायीचा रंग, तीन हातांनी जवळजवळ मान. चौथ्या हाताला रात्री ट्यूबलाइटखाली अगदी जुळला म्हणून खूश झाले, सकाळी खिडकीत नेला तर नारिंगी! तेव्हापासून रंग फक्त दिवसाच्या उजेडात, गॅलरीत बघते. तीन हात ठरले.

ब्रशने एका दमात जायला हात बसायला वेळ लागला. शेवटी दोन नंबरचा चित्रकलेचा ब्रश घेतला, करंगळी लाकडावर टेकवली आणि श्वास धरून ओढला. आता रेघ सरळ येते. टेप लावत नाहीये. बाहेर गेलं तर स्पिरिटमध्ये जेमतेम ओली केलेली कापसाची काडी लगेच फिरवते.

---

घोडबंदर_३ | २१ एप्रिल, रात्री १०:१५

"श्वास धरून ओढला" हे वाचून मीही श्वास धरला. माझ्या मानेवर चपडा चालेल का?

---

कळवा_ब्रिज | २१ एप्रिल, रात्री १०:५०

मानेवर नुसता चपडा नको. हाताचा घाम आणि ओल लागून तो चिकट होतो, पाण्याने पांढरा पडतो. मानेला मेणविरहित चपड्यावर एनसी लॅकरचे दोन-तीन फवारे हवेत, अगदी कोरडे, धुक्यासारखे. ओले फवारे मारले तर थिनर प्लास्टिकला खाईल. फवारा मोकळ्या हवेत, जवळ गॅस, दिवा, उदबत्ती काही नको. तोंडाला चांगला मास्क.

---

केवडा | २ जुलै, सायंकाळी ७:४५

मंडळी, मदत हवीय. तीन हात चपड्याचे छान झाले. उजवा हात वरच्या कडेवर टेकतो म्हणून तिथे लॅकरचा संरक्षक थर द्यावा असं ठरलं. पॉलिश करणाऱ्या एका ओळखीच्यांनी काल फवारा मारला. काल इथे धो धो पाऊस. लॅकर सुकता सुकता वरच्या कडेला वीतभर पट्टी दुधाळ झाली, आरशावर वाफ धरावी तशी. बाबांनी विचारलं, "पुन्हा पांढरी झाली का गं?" मला रडूच आलं.

---

कळवा_ब्रिज | २ जुलै, सायंकाळी ८:०५

ताई, घाबरू नका, हे जातं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसून थरात अडकतो. पावसाळ्यात आमच्याकडे एनसीचं काम बंदच असतं किंवा रिटार्डर थिनर घालून हळू सुकवतात. आता हात लावू नका, घासू नका, हेअर ड्रायर तर नकोच, शेजारी जुनं लॅकर आणि मानेवर सेल्युलॉइड आहे. पंख्याखाली राहू द्या. बरंचसं आपोआप निवळेल. उरेल त्यावर ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाली की, रिटार्डर घातलेला एक हलका फवारा मारा. थर थोडा मोकळा होतो आणि अडकलेली ओल निघून जाते.

---

नेरूळचा_वारा | २ जुलै, रात्री ९:००

सहमत. थांबणं हेच औषध. बाबांना सांगा, रंग खाली जसाच्या तसा आहे, वर धुकं आलंय.

---

उपवन | २ जुलै, रात्री ९:१०

येऊरवर पण आज असंच धुकं होतं. उतरेल ताई.

---

मऊमोदक | ९ सप्टेंबर, दुपारी ३:००

अवांतर: बाबा ऑर्केस्ट्रात काय वाजवायचे? मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या कांडीने वाजवतात ती हवाईयन का?

---

केवडा | ९ सप्टेंबर, रात्री ९:२०

नाही, ते ऱ्हिदम वाजवायचे. पण हवाईयनचं वेड त्यांना आहेच. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या रेकॉर्ड अजून जपून ठेवल्यात. गणपतीत रात्री दोन-दोन कार्यक्रम असायचे, एक कळव्याला, दुसरा कोपरीला, आणि गिटार मांडीवर घेऊन रिक्षात डुलकी. अंगठ्याने मानेची कड घासली गेली ती त्या वर्षांत.

---

केवडा | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

झालं! कळवा_ब्रिज म्हणाले तसंच. पंख्याखाली पंधरा दिवसांत अर्धं दूध उतरलं होतं. ऑक्टोबर हीटमध्ये एका कोरड्या दुपारी गच्चीवर रिटार्डरचा एकच फवारा मारला, आणि डोळ्यांसमोर उरलेली दुधाळ रेघ काचेसारखी निवळत गेली. मग तीन आठवडे हात लावला नाही. काल मऊ सुती फडक्याने पुसून तारा चढवल्या.

आता अंग आणि मान शेजारी धरली तर एका रंगाची आहेत. अगदी जवळून पाहिलं तर अंगाची पट्टी थोडी जास्त एकसारखी वाटते, मानेच्या पट्टीत ढगासारखे फिके-गडद भाग आहेत. ते तसंच राहू देणार आहे.

उजवा हात टेकतो तिथला थर थोडा घासून पांढरं दाखवावं का, असं मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नको. तिथे माझा हात अजून टेकायचाय." सहावी_तार, तुमची आठवण आली.

पेटीत कागद ठेवलाय. पट्टी केव्हा बदलली, कशाची आहे, चपड्याचे किती हात, लॅकर कुठे. झाकणाला आतून दोन भोकं पाडून जाळी लावून घेतली, वाफ कोंडायला नको.

---

सहावी_तार | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

बाबांना नमस्कार सांगा. फोटो बघितला. पट्टी दिसलीच नाही, गिटार दिसली.

---

घोडबंदर_३ | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:००

अभिनंदन! लेमन चपडा कुठे मिळाला? मला हार्डवेअरवाल्याने दोनदा तयार पॉलिशची बाटली हातात दिली, त्यात मेण असणार.

---

केवडा | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

जांभळी नाक्याच्या बाजारात जुन्या रंगवाल्याकडे सुटा मिळाला. कपच्या मागा, तयार बाटली नको. आणि ताजा बघून घ्या, फार जुना चपडा स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही, जेलीसारख्या गुठळ्या राहतात. माझ्याकडे सत्तर ग्रॅमच्या आसपास उरलाय. शनिवारी तलावपाळीला येणार असाल तर घेऊन येते.

---

घोडबंदर_३ | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

येतो. संध्याकाळी सहाला, गडकरी रंगायतनसमोर.